‘दहा ओळी कशाला, एक पुरते’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: कॅमल केसमधलं नाव (शब्द एकमेकांना चिकटलेले, नवा शब्द कॅपिटल अक्षराने सुरू) स्नेक केसमध्ये (सगळं स्मॉल, शब्दांमध्ये अंडरस्कोअर म्हणजे ‘_’) आणायला मी लेखात पायथनचा दहा ओळींचा लूप लिहिला, तेच काम रेजेक्सच्या (मजकुरातले नमुने शोधून बदलायची चिन्हांची भाषा) एका ओळीत होतं, माझा कोड एचटीटीपीसारख्या आद्याक्षरांच्या शब्दांवर आपटतो, आणि पेप ८ (पायथन कोड कसा लिहावा याची नियमावली) पाळणाऱ्याला कॅमल केसशी मुळात घेणंदेणंच नसतं. यातला दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. पहिला मात्र पटला नाही, आणि त्याचं कारण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यातच आहे.

तुमची ओळ पहिलं अक्षर सोडून प्रत्येक कॅपिटल अक्षराआधी अंडरस्कोअर घालते आणि मग सगळं लोअर करते. तिला ‘एचटीटीपीसर्व्हरएरर’ द्या. (देवनागरीत कॅपिटल नसतात, म्हणून सांगतो: एचटीटीपीची चारही अक्षरं कॅपिटल, सर्व्हरचा एस आणि एररचा ई कॅपिटल, बाकी स्मॉल.) बाहेर येतं ‘एच_टी_टी_पी_सर्व्हर_एरर’. माझा लूपही हेच देतो. चूक एकच आहे, तुमच्याकडे ती कमी जागेत मावते एवढंच. बरं, हे नाव मी शोधून काढलेलं नाही, ते पेप ८ मधलंच आहे. क्लासच्या नावात आद्याक्षरांचा शब्द आला तर तो पूर्ण कॅपिटलमध्ये लिहा, असं तिथे याच उदाहरणाने सांगितलंय. म्हणजे पेप ८ जितकं इमानदारीने पाळाल, तितकी ही ओळ फसणार.

आता लूप दुरुस्त करू. कॅपिटल अक्षर दिसलं की शेजारी बघायचं. आधीचं अक्षर स्मॉल किंवा अंक असेल तर नवा शब्द सुरू. आधीचं कॅपिटल पण पुढचं स्मॉल असेल, तरीही नवा शब्द सुरू. एरवी गप्प बसायचं. पी वर थांबा: आधी टी, पुढे एस, दोन्ही कॅपिटल, म्हणून काही नाही. एस वर या: आधी पी कॅपिटल, पुढे ई स्मॉल, इथे तोडा. ‘एचटीटीपी_सर्व्हर_एरर’ मिळालं. रेजेक्समध्येही हे दोन नियम लिहिता येतात, पण तिथे सहसा दोन वेळा सब (शोधून बदलणं) करतात आणि कंसातल्या चिन्हांचा अर्थ नवशिक्याला त्या दिवशी तरी लागत नाही. लूपमध्ये प्रत्येक अक्षरावर प्रिंट टाकून निर्णय बघता येतो. दहा ओळी त्यासाठी होत्या.

शेजारी बघताना दोन्ही टोकांना गोची होते. शेवटच्या अक्षरापुढचं अक्षर मागितलं की पायथन इंडेक्स एरर देतो, तो निदान बोंब तरी मारतो. पहिल्या अक्षराच्या मागचं मागितलं तर मात्र इंडेक्स उणे एक होतो आणि पायथन मुकाट्याने शेवटचं अक्षर हातात ठेवतो. ते स्मॉल असलं की नावाच्या सुरुवातीलाच एक फुकटचा अंडरस्कोअर चिकटतो. म्हणून पहिल्या अक्षरासाठी वेगळी अट हवी. शेवटच्या टोकाला इंडेक्सऐवजी स्लाइस (स्ट्रिंगचा तुकडा) घ्या: रिकामी स्ट्रिंग मिळते, तिचं ‘इजलोअर’ (सगळं स्मॉल आहे का, ही तपासणी) फॉल्स येतं आणि काम निभावतं.

तुम्ही न पकडलेली एक चूक मीच कबूल करतो. ‘स्नेकमध्ये नेलेलं नाव परत कॅमलमध्ये आणलं की मूळ नाव मिळतं’ असं मी लेखात ठोकून दिलं होतं. साफ चूक. ‘यूजरआयडी’मध्ये आय आणि डी दोन्ही कॅपिटल असले, तर जाताना ‘यूजर_आयडी’ होतं आणि येताना फक्त आय कॅपिटल राहतो. डी कॅपिटल होता ही माहिती वाटेतच सांडली. याहून वाईट म्हणजे, एकाच जेसनमध्ये (प्रोग्रॅममध्ये डेटा देवाणघेवाणीचा मजकुरी प्रकार) दोन्ही रूपांच्या, म्हणजे डी कॅपिटल आणि डी स्मॉल अशा, की (व्हॅल्यूंची नावं) असल्या तर रूपांतरानंतर त्या एक होतात आणि डिक्शनरीत आधीची व्हॅल्यू बिनबोभाट पुसली जाते. तेव्हा मूळ की कुठेतरी जपून ठेवा, उलटं रूपांतर करून ती परत मिळेल या भरवशावर राहू नका. ‘__इनिट__’सारखी नावं तर या वाटेला नेऊच नका, अंडरस्कोअरवर स्प्लिट केलं की कडेचे अंडरस्कोअर गेलेच.

राहिला पेप ८. ते २००१ सालचं आहे, आणि व्हेरिएबल-फंक्शनला स्नेक केस हे खरंच. पण पायथनसोबत येणाऱ्या लॉगिंगमध्ये ‘गेटलॉगर’ आहे, युनिटटेस्टमध्ये ‘असर्टइक्वल’ आहे, दोन्ही कॅमल केसमध्ये. शिवाय जावास्क्रिप्टकडून येणारा डेटा आपलं पेप वाचून येत नाही.

‘इन्फ्लेक्शन’ नावाची लायब्ररी आहे. तिचं ‘अंडरस्कोअर’ फंक्शन वरच्याच दोन नियमांवर चालतं, रोजच्या कामात खुशाल तेच वापरा. लेखातला लूप बदललाय, ते चुकीचं वाक्य काढलंय आणि तुमची एक ओळ शेवटी जोडली आहे, एचटीटीपीच्या उदाहरणासकट.