सुबक दिसावं म्हणून वायरी बांधा म्हणे!

‘एका वीकेंडचं काम.’ घरी जोडायच्या अ‍ॅम्पच्या किटसोबत आलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे छापणाऱ्या माणसाला माझ्यासमोर आणून बसवा. चहा मी पाजतो. मग गेल्या साडेचार महिन्यांत काय काय झालं ते त्याला एकेक करून ऐकवतो, आणि संपेपर्यंत उठू देत नाही.

प्रकरण असं. गिटारचा हाय गेन ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) चालणारा, सिग्नल इतका वाढवणारा की आवाज मुद्दाम फाटतो, पन्नास वॉटचा. पॉवरला दोन ईएल34 ट्यूब, त्यांच्या आधी सिग्नल वाढवायला चार छोट्या 12एएक्स7. मार्शलचा 1981 सालचा जेसीएम800 अ‍ॅम्प आला तेव्हापासून लोक त्यात आणखी एक गेन स्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारी आणखी एक पायरी, घुसवत आलेत, त्यातलाच हा प्रकार. किट परदेशातून मागवलं. दोन ट्रान्सफॉर्मर आणि एक चोक म्हणजे निव्वळ लोखंड, त्यामुळे कुरिअर वजनावर कापतं आणि मग कस्टम उरलेलं कापतं. सगळं मिळून लाखाच्या पुढे गेलं. हो, एवढ्यात तयार अ‍ॅम्प आला असता. हो, हल्ली तसा आवाज मोबाइलच्या अ‍ॅपमध्येही येतो. असं म्हणणाऱ्यांनी आमरसाऐवजी दुधात मँगो इसेन्स घालून प्यावं, माझी काही हरकत नाही.

किटला जादा पैसे आपण कशासाठी देतो? नुसते पार्ट तर पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरून बरेचसे जमतात. पैसे देतो ते ‘कुणीतरी आधी डोकं लावलेलं आहे’ याचे. कुठली वायर कुठे, कुठून, कशी. त्यासाठी. आणि नेमकं तिथेच यांनी शेण खाल्लं.

पण क्रमाने जाऊ.

खोकं उघडलं. पुस्तिका झेरॉक्सची, काळी-पांढरी. वायरिंगचं चित्र काळं-पांढरं, आणि वायरींची ओळख रंगांवरून! ‘लाल वायर इथे, तपकिरी तिथे.’ चित्रात सगळ्या करड्या. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या वायरींचे रंग पुस्तिकेतल्या यादीशी जुळेनात, कारण यादी 120 व्होल्टवाल्या देशाच्या ट्रान्सफॉर्मरची होती आणि मला पाठवला होता 230-240 वाला. चांगली गोष्ट आहे, बरोबर ट्रान्सफॉर्मर पाठवला. मग यादी कोण पाठवणार? मी मीटर घेऊन एकेका जोडीचा रेझिस्टन्स मोजत बसलो. रविवार गेला. वीकेंड संपला, बरं का. अजून एक स्क्रू पिळला नव्हता.

मग रेझिस्टर. साठाच्या वर. सगळे एक टक्क्याचे मेटल फिल्म, निळ्या अंगावर पाच पट्टे. निळ्यावर लाल, तपकिरी आणि नारिंगी हे तीन रंग एलईडीच्या उजेडात वेगळे ओळखून दाखवा, मी तुमच्या पाया पडतो. त्यात गंमत बघा. शंभर किलोओहमचे पट्टे तपकिरी, काळा, काळा, नारिंगी, तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरी! उलटा धरून वाचला की तोच 130 ओहम होतो. शंभर हजार कुठे आणि एकशे तीस कुठे. पाकिटांवर किंमत लिहायला काय पेन मोडत होतं का? सगळे एकाच पिशवीत, फरसाण भरल्यासारखे. शेवटी आईचा जुना स्टीलचा मसाल्याचा डबा घेतला आणि एकेक रेझिस्टर मीटरला लावून वाट्यांमध्ये वेगळा केला. मोहरीच्या वाटीत 100के, हळदीच्या वाटीत 1 मेग. हळदीच्या वाटीतल्यांचे पाय पिवळे झाले ते झालेच.

सोल्डरिंगबद्दल माझी तक्रार नाही. (गल्लीत त्याला सगळे ‘शोल्डरिंग’ म्हणतात, आणि मी पण म्हणतो.) ते काम शांत आहे. रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पेपर पसरायचा, रोझिनचा वास, एकेक टर्रेट (बोर्डावरची धातूची खुंटी) भरत जायचं. ते तीन आठवडे मी खरोखर सुखात होतो. घरातलेही होते, असं नंतर कळलं.

सुरक्षिततेच्या सूचना कुठे असाव्यात? पहिल्या पानावर? छे. पान 31 वर. जोडणी संपल्यावर! तिथे बारीक अक्षरात की बुवा आत साडेचारशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं. व्हॉल्व्ह काढून ठेवले असतील तर ते ओढून घ्यायलाही कुणी नसतं, तसंच दबा धरून बसतं. हे मला माहीत होतं म्हणून आज हे लिहितोय. एक हात खिशात, मीटर लावलेला, आकडा दहाच्या खाली आल्याशिवाय आत बोट नाही. ज्याला माहीत नसेल त्याने पान 31 पर्यंत जिवंत पोचायचं.

पहिल्यांदा करंट देताना मध्ये बल्ब सिरीजमध्ये लावतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटून राहतो आणि हजारोंचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर एकदा भकदिशी पेटून मंद होतो. त्याला फिलामेंटवालाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. आता पुण्यात शंभर वॉटचा पिवळा बल्ब शोधा. चार दुकानांत माझ्याकडे हा माणूस 1985 सालातून आलाय अशा नजरेने बघितलं. पाचव्याकडे होता. म्हणाला, “पोल्ट्रीवाले नेतात, पिल्लांच्या उबेला.” कोंबडीच्या पिल्लांच्या कृपेने माझा अ‍ॅम्प चालू झाला.

आणि किंचाळला. आवाज नव्हे, किंचाळी. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, “अरे, कुकरची शिट्टी अडकलीय का?” हे सोपं निघालं. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या, ट्यूबच्या प्लेटकडे (सिग्नल बाहेर पडायच्या टोकाकडे) जाणाऱ्या दोन वायरी उलट्या होत्या, त्यामुळे जो फीडबॅक आवाज आवरायला घातलेला असतो तोच वाढवायला लागला. दोन वायरींची अदलाबदल, वीस मिनिटं. रंग पुस्तिकेप्रमाणेच जोडले होते, हे सांगायला नकोच.

मग गुणगुण. ट्यूनर लावून बघितलं तर ‘जी’ हा सूर, जरा चढा. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, आणि पन्नास काय, शंभर काय, दोन्ही ट्यूनरवर चढा जीच दाखवतात, फक्त एका सप्तकाचा फरक. शंभरची गुणगुण म्हणजे डीसी नीट गाळलं जात नाही, पन्नासची म्हणजे बहुतेक हीटरचा (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचा) घोळ. कान लावून ठरवलं, खालचा आहे. बघतो तर हीटरच्या 6.3 व्होल्टला मध्यबिंदू देणारे शंभर ओहमचे दोन रेझिस्टर चित्रात आहेत, पिशवीत नाहीत. लाखाच्या किटमधून दोन-दोन रुपयांचे रेझिस्टर गायब! ते गल्लीत मिळाले. दुकानदार दोन द्यायला तयार नव्हता, दहाची पट्टी घ्या म्हणाला. घेतली. आठ कुणाला हवेत का?

एक फटका मात्र किटवाल्यांचा नाही, आमच्या घरमालकांचा. गिटारच्या तारांना हात लावला की बोटांना मुंग्या. सॉकेट तपासलं. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये 230 च्या आसपास दिसायला हवं, दिसले सत्तर, तेही डोलणारे. म्हणजे तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नाही! इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर म्हणतो, “अर्थिंग आहे ना साहेब, भोक आहे की तिसरं.” मालकांना फोन केला तर, “दहा वर्षं तिथे फ्रिज चाललाय.” फ्रिज चालतो हो. फ्रिजला मी गळ्यात अडकवून उभा राहत नाही. मीटरबोर्डापासून वायर ओढून घेतली, माझ्या पैशाने, आणि भाडं कमी झालं नाही.

आता मुख्य मुद्दा. यावर माझं डोकं अजून तापतं.

सगळं झालं. क्लीन आवाज सुरेख. गेनचं बटण पाचपर्यंत सुरेख. सहावर आवाज घुसमटायला लागला, कुणीतरी तोंडावर उशी दाबल्यासारखा. सातवर शिट्टी. आणि हाय गेन अ‍ॅम्प पाचवर वाजवायला मी घेतला नव्हता.

दीड महिना. दीड महिना मी यात घालवला. व्हॉल्व्ह बदलून बघितले. प्रत्येक जोड पुन्हा तापवला. प्रत्येक स्टेजचं व्होल्टेज मोजून लिहिलं, सगळं योग्य. हिने एकदा विचारलं, “तो नुसता पाचवर वाजवला तर चालत नाही का?” मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर भांडण झालं असतं.

एका 12एएक्स7 च्या एका स्टेजमधून सिग्नल साधारण पन्नास-साठ पट होतो. अशा तीन स्टेज एकापाठी एक लावा. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, सव्वा लाख. मध्ये मध्ये बराचसा मुद्दाम फेकून देतात, तरी उरतं ते अफाट असतं. म्हणजे पुढच्या स्टेजचा कणभर सिग्नल जरी हवेतून उडी मारून मागच्या स्टेजच्या तोंडात पडला, तरी तो वाढून पुन्हा तिथेच येतो, पुन्हा वाढतो, आणि अ‍ॅम्प स्वतःशीच बोंबलत बसतो. त्यात प्रत्येक स्टेज सिग्नल उलटा करते. दोन स्टेज ओलांडल्या की उलट्याचा पुन्हा सुलटा, आणि सुलटा परत आला की बेरीजच. म्हणून असल्या अ‍ॅम्पमध्ये वायर कुठून जाते हाच अर्धा सर्किट असतो. नकाशा बरोबर, पार्ट बरोबर, जोड बरोबर, आणि वायर दोन इंच इकडची तिकडे गेली की सगळं मुसळ केरात.

आणि या दिव्य पुस्तिकेच्या पान 22 वर काय लिहिलंय? ‘सुबक दिसावं म्हणून सर्व वायरी एकत्र आणून केबल टायने बांधा.’ सहा केबल टाय दिलेत सोबत! शंभर ओहमचे दोन रेझिस्टर द्यायला विसरले, केबल टाय मोजून सहा. आणि मी शहाण्यासारखा बांधल्या. पाचवीतल्या मुलीची वेणी घालावी तशा बांधल्या. फोटो काढला. मित्रांना पाठवला. सगळ्यांनी वा वा केलं.

त्या वेणीत दुसऱ्या स्टेजच्या ग्रिडची (सिग्नल आत जायच्या टोकाची) वायर आणि तिसऱ्या स्टेजच्या प्लेटची वायर गळ्यात गळे घालून सहा इंच चालल्या होत्या.

सापडलं कसं? पनीर टिक्क्याबरोबर आलेली बांबूची काडी. चालू अ‍ॅम्पमध्ये लाकडाच्या काडीशिवाय काही घालायचं नाही. गेन सातवर, शिट्टी चालू, आणि मी काडीने एकेक वायर हलकेच ढकलतोय. हिला ढकल, फरक नाही. तिला ढकल, फरक नाही. वेणीला ढकललं आणि शिट्टीचा सूर बदलला. थोडं अजून दाबलं, सूर चढला. सोडलं, खाली आला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. चार 12एएक्स7 आणि दोन ईएल34 आधीपासून पेटलेल्याच होत्या, ही सातवी.

बंद केलं, कपॅसिटर रिकामे केले, सहाही टाय कापले. ग्रिडला शिल्डेड (धातूच्या जाळीचं कवच असलेली) वायर घातली, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंडला, प्लेटची वायर दुसऱ्या बाजूने चेसिसला चिकटवून नेली. पाऊण तास. गेन दहावर, शिट्टी नाही. आत बघाल तर सुगरणीचं घरटं पडल्यासारखं दिसतं. वाजतो मात्र असा की ई पॉवर कॉर्ड मारून हात ठेवला तरी भिंत थरथरते.

रागात किटवाल्यांना मेल लिहिला. लांबलचक, फोटोंसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अतिशय गोड. वायरींची मांडणी ही जोडणाऱ्याची जबाबदारी आहे म्हणे, पण सोबत सुधारित चित्र पाठवत आहोत. उघडलं. रंगीत! ग्रिडची वायर वेगळी, शिल्डेड, प्लेटपासून लांब, आणि केबल टायवर चक्क फुली. म्हणजे यांना माहीत होतं. खाली कोपऱ्यात तारीख होती, मे 2019. माझ्या खोक्यावर पॅकिंगचा शिक्का आहे ऑक्टोबर 2024 चा. साडेपाच वर्षं बरोबर चित्र कपाटात ठेवून हे लोक जुनी झेरॉक्स वाटत बसलेत.

काल आणखी एक मेल आला. जोडणीचा अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या, आणि तुमच्या अ‍ॅम्पचा आतून काढलेला फोटो पाठवा, आम्ही लावू.

मी तो वेणीचा पाठवलाय.