मन लागंना? गोळी घ्या की!

तर मंडळी, आपल्या बेळगावात सध्या कुणालाच दुःख राहिलेलं नाही, हे ध्यानात आलंय का तुमच्या? पूर्वी गल्लीत कुणाचं बिनसलं की लगेच कळायचं, काकू नळावर गप्प गप्प असायच्या नाहीतर अण्णा कट्ट्यावर यायचे बंद व्हायचे, मग दोघंतिघं घरी जाऊन बसायचे, चहा तीनदा व्हायचा आणि रडून झालं की माणूस निम्मा बरा व्हायचा. केवढा वेळ जायचा त्यात! आता रात्री जेवल्यावर नैराश्यावरची एक गोळी, वर पाणी, झालं. कुणाच्या घरी जायला नको की कुणाचं ऐकायला नको.

तुम्ही अजून सुरू केली नसेल तर मागं पडलाय. बरं वाटंना म्हणायला आता कारण लागत नाही. खडेबाजारात दुकान आहे आणि गिऱ्हाईक आत येऊन साडीचा फोटो काढून ऑनलाइन रेट बघून जातंय? गोळी. वडगावात माग बंद पडलाय, सूत महाग आणि साडीला भाव नाही? गोळी. टिळकवाडीत तीन बेडरूमचं घर, पोरगा जर्मनीत, आणि तुम्ही दोघं नवराबायको टीव्हीचा आवाज वाढवून बसलाय? दोघांना एकेक. पोराला नीटमध्ये मार्क कमी पडले तर त्याला पण विचारा, काय बाळा, मन लागंना काय, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत नंबर लावा. मागाला सूत, दुकानाला गिऱ्हाईक आणि म्हाताऱ्यांना पोरगा गोळीतून मिळत नाही हे खरं, पण ते नाहीत म्हणून रात्री दोन वाजता छताकडं बघत पडायचं तेवढं कमी होतं की ओ.

आपला सीमाभाग तर या बाबतीत आधीपासून तयार. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मराठी माणसं या राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, आलो, आणि त्याच वर्षी तिकडं स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून नावाचा डॉक्टर इमिप्रामाइन नावाचं औषध उदास पेशंटांना देऊन बघत होता. औषध खरं तर दुसऱ्याच आजारासाठी आणलेलं, तिथं चाललं नाही, इथं चाललं. त्याच्या आधी १९५२ मध्ये अमेरिकेत टीबीच्या औषधानं पेशंट एकदम खुशीत यायला लागले, तिथून पण या गोळ्यांचा एक फाटा फुटला. म्हणजे आपलं दुखणं आणि त्याची गोळी एकाच वयाची. पुढं १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटिन नावाच्या नैराश्यावरच्या गोळीला परवानगी मिळाली. आणि आपली सीमावादाची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात. गोळीला निदान दोनचार आठवड्यात गुण यायला लागतो.

आता डॉक्टरकडं कसं जायचं ते सांगतो. जास्त बोलू नका. बाहेर पन्नास जण बसलेत, तुमच्या वाट्याला चार मिनिटं. त्यात भाषेची पंचाईत, पण घाबरू नका, नुसतं ‘बेजार’ म्हणा. कन्नडमध्ये ‘बेजार आगैती’, मराठीत ‘बेजार झालोय’, म्हणजे एवढ्या वर्षांच्या भांडणात दोन्ही बाजूंचं ज्याच्यावर एकमत झालं असा हा एक शब्द. डॉक्टर विचारतील झोप कशी आहे, भूक कशी आहे. जागेच्या वाटणीवरून भाऊ दोन वर्षं बोललेला नाही हे सांगायचं नाही, ते काय चिठ्ठीत लिहिता येत नाही.

आणि कारण विचारलं कुणी तर ‘सेरोटोनिन कमी पडलं’ म्हणायचं, ते मेंदूतलं एक रसायन. ऐकायला बरं वाटतं, विहिरीचं पाणी आटल्यासारखं. २०२२ मध्ये लंडनच्या काही संशोधकांनी जुना सगळा अभ्यास चाळून सांगितलं की सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य येतं याला ठाम पुरावा सापडत नाही. गोळीचा उपयोगच नाही असं काय ते म्हणाले नव्हते, पण तुम्ही यातलं अर्धंच वाचा, जे अर्धं सोयीचं ते.

डॉक्टर परवडत नसेल तर शेजारच्या वयनींच्या डब्यातली घ्या. त्यांना लागू पडली म्हणजे तुम्हाला पण पडणार, आपण एकाच नळाचं पाणी पितो. नियमानं ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण ओळखीचा मेडिकलवाला कशासाठी असतो? झोपेची गोळी आणि ही गोळी वेगळी असते असल्या बारक्या भानगडीत पडू नका. आणि बरं वाटलं की त्याच दिवशी बंद! डॉक्टर म्हणतात हळूहळू डोस कमी करत आणायचा. तुम्ही शूर, तुम्ही एकदम बंद करा, मग गरगरतंय, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय, उगाच रडू येतंय, असं झालं की सगळ्यांना सांगत फिरा की गोळी लई वाईट, सवय लागते.

एक गोष्ट मात्र चुकूनसुद्धा करू नका. १४४१६ ला फोन करू नका. सरकारनं २०२२ पासून टेलिमानस म्हणून मन बरं नसलेल्यांसाठी फोनची सोय चालू केलीय, फुकट आहे, आणि पलीकडून माणूस बोलतो. माणूस! धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, हायवेनं दीडदोन तास, तिकडं तर अजिबात नको. आमच्या लहानपणी घरात ‘ह्याला धारवाडला न्या’ ही शिवी होती, पाहुण्यांनी बघितलं तर बहिणीचं लग्न मोडेल.

त्यापायी आमच्या ओळखीतल्या एका पोराला त्याच्या घरच्यांनी आठ महिने देवऋषीकडं फिरवलं, लिंबू, अंगारा, अमावस्या. तो अंथरुणातून उठायचा नाही, आंघोळ करायचा नाही. त्याला खरंच गोळीची गरज होती ओ, आणि त्यालाच मिळाली नाही वेळेवर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असंच निघालं होतं, नैराश्यासारखे आजार असलेल्या शंभरातल्या ऐंशीपेक्षा जास्त जणांवर उपचारच होत नव्हते. म्हणजे ज्याला पाहिजे त्याला अंगारा, आणि ज्याला नुसतं कुणीतरी अर्धा तास शेजारी बसायला पाहिजे होतं त्याला स्ट्रिप. असू दे, हे मी जरा सिरीयस झालो, लेख विनोदी आहे.

शेवटची टीप लपवण्याची. स्ट्रिप कापून बीपीच्या डब्यात ठेवा, कुणी विचारलं तर व्हिटॅमिन म्हणा. परवा मी मेडिकलमध्ये उभा होतो तर माझ्या पुढंच शाळेतला जुना दोस्त. पंधरा वर्षं एका बाकावर बसलेलो आम्ही.

‘‘काय रे, इकडं कुठं?’’

‘‘काय नाही, बीपीची. तू?’’

‘‘मी पण बीपीचीच.’’

मेडिकलवाल्यानं दोघांच्या पुड्या काउंटरवर शेजारीशेजारी ठेवल्या, स्ट्रिप त्याच कंपनीची, त्याच रंगाची. आम्ही दोघांनी बघितली. चहा घेऊया काय, असं तो म्हणाला आणि मी म्हणालो, आज नको रे, जरा गडबडीत आहे, पुढच्या आठवड्यात नक्की बसूया.