नुसत्या एमसीक्यूने नाही कळत मुलं काय शिकली

कॉलेजातल्या व्हॅल्यू अ‍ॅडेड (मुख्य विषयाबाहेरचे पर्यावरणासारखे पेपर) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा निवडलेला विषय) यांच्या एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायच्या परीक्षांच्या निकालावरून मुलांचं शिकणं कळतं असं एका लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मी पुण्यात एका कॉलेजात शिकवते, पर्यावरणाच्या पेपरला जवळपास सगळे पास होतात पण प्रोजेक्ट उघडले तर मुळा-मुठेचे तेच फोटो सीनियरच्या फाईलमधून उचललेले, नदीकाठी कुणी फिरकलेलंही नसतं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष घातलं म्हणून हा विषय कॉलेजात सक्तीचा झाला हो! युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पदवी अभ्यासक्रमाच्या फ्रेमवर्कमध्ये तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी मल्टिडिसिप्लिनरी म्हणजे इतर शाखांच्या विषयांना ९ आणि व्हॅल्यू अ‍ॅडेडला ६ ते ८ आहेत, हे काही थोडंथोडकं नाही. अमेरिकेत २००९ पासून व्हॅल्यू रुब्रिक्स (काम कुठल्या पातळीचं आहे ते ठरवायचे तक्ते) आहेत, त्यात वेगळी परीक्षा नसते, मुलाने वर्गासाठी केलेलं कामच घेऊन विचार करणं, लिहिणं कुठल्या पायरीवर आहे ते बघतात. आपल्याकडे निदान पहिल्या आणि शेवटच्या सेमला एकाच प्रश्नावर दोन पानं लिहून घ्या, नावं झाकून दुसऱ्या डिपार्टमेंटने तपासावीत, फरक लगेच दिसेल. पण ह्याला वेळ लागतो आणि सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) तासाचे पैसे घेणाऱ्या शिक्षकांना तपासायचे पैसेही वेगळे द्यायला हवेत, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.