इंजिनाची क्षमता म्हणजे इंजिनाची ओळख नव्हे

पोर्शे ९१७ सारख्या जुन्या शर्यतीच्या गाडीत आज ४.९ लिटरचे इंजिन आढळले तर ते मूळचे नसून नंतर बसवलेले असणार, असा निष्कर्ष मी वाचलेल्या एका लेखात काढला आहे; तो मला घाईचा वाटतो. हवेने थंड होणाऱ्या या बारा सिलिंडरच्या इंजिनाचा १९६९ मधील बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) ८५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) ६६ मिमी होता, म्हणजे क्षमता ४,४९४ घन सेंटीमीटर, अर्थात सुमारे ४.५ लिटर. पुढे ८६ आणि ७०.४ मिमी अशा मापांनी ती ४,९०७ झाली आणि बोअर ८६.८ मिमी केल्यावर ४,९९९. म्हणजे शेवटच्या दोन प्रकारांत स्ट्रोक एकच आहे, त्यामुळे केवळ क्रँकशाफ्ट (पिस्टनला जोडलेला, स्ट्रोक ठरवणारा फिरता दांडा) मोजून इंजिन ४.९ लिटरचे की ५ लिटरचे हे ठरत नाही. शिवाय नवे ते सर्वांनी लगेच स्वीकारले असेही नाही: १९७० ची फ्रान्समधील ले माँ ही २४ तासांची शर्यत हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी जिंकली ती जुन्या ४.५ लिटरच्या इंजिनावरच, तर मोठे इंजिन घेतलेल्या काही गाड्या वाटेतच थांबल्या. (मला तरी हा तपशील फार बोलका वाटतो.)

सरावासाठी एक आणि प्रत्यक्ष शर्यतीसाठी दुसरे इंजिन बसवण्याची त्या काळातील संघांची पद्धत पाहता, चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) इतिहास आणि इंजिनाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहावा लागतो. त्यासाठी क्रँककेसवरील (क्रँकशाफ्टभोवतीच्या आवरणावरील) क्रमांक कारखान्याच्या जुळणी-नोंदींशी आणि प्रत्येक शर्यतीच्या नोंदींशी ताडून पाहणे आवश्यक आहे. लेखात त्या क्रमांकाचा उल्लेखच नाही.