एक अक्षर शिका, पन्नास शब्द फुकट? चिनीत असं होत नाही

चिनी भाषेबद्दलचा एक दावा व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये सारखा फिरत असतो. तो थोडक्यात असा: चिनी लिपी म्हणजे नुसती चित्रं. ‘आग’ हे एक अक्षर शिका. आग अधिक डोंगर म्हणजे ज्वालामुखी, आग अधिक गाडी म्हणजे रेल्वे, आग अधिक बाण म्हणजे रॉकेट. एका अक्षरात पन्नास शब्द फुकट, म्हणीही आपोआप कळतात, आणि अशी शंभर अक्षरं झाली की चिनी वर्तमानपत्र वाचायला घ्या.

मी चिनी शिकवते. हे ऐकून हौसेने आलेली मुलं थोड्याच दिवसांत ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून गळतात. त्यांच्या डोक्यात काही कमी नसतं, त्यांना सांगितलेलंच चुकीचं असतं. म्हणून या दाव्यातला एकेक मुद्दा घेते.

आधी खरं काय ते. आगीला चिनीत ‘ह्वो’ म्हणतात. ह्वोशान म्हणजे ज्वालामुखी, ह्वोछ म्हणजे रेल्वे, ह्वोज्येन म्हणजे रॉकेट, हे तिन्ही शब्द अस्सल आहेत. मराठी माणसाला तर ते लगेच पटतात, कारण आपणही कोळशाचं इंजिन पाहून आगगाडी म्हणालो आणि रॉकेटला अग्निबाण. पण हे पटणंच फसवं आहे. ह्वोज्येन हा शब्द आधी शेकडो वर्षं खरोखरच्या पेटत्या बाणासाठी वापरात होता. रॉकेटचा अर्थ त्याला फार पुढे चिकटला. ह्वोछ तर शांघायजवळ १८७६ मध्ये वूसुंगची रेल्वे धावण्याच्या कितीतरी आधीपासून जुन्या ग्रंथांत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आहे शत्रूवर आग घेऊन जाणारा लढाईतला गाडा. ‘आग’ आणि ‘गाडी’ ही अक्षरं तीच, अर्थ मात्र काळाने बदलला. नुसती बेरीज करणाऱ्याला यांतला कोणता अर्थ घ्यायचा हे कसं कळणार?

शिवाय उदाहरणं सोयीची निवडलेली आहेत. गैरसोयीची मी देते. ह्वोजी: आग अधिक कोंबडी. तंदुरी वाटली? हा टर्की पक्षी, जिवंत, पिसांसकट. ह्वोथ्वेइ: आग अधिक तंगडी. चच्यांग प्रांतातलं चिनह्वा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण ही तंगडी आगीवर भाजत नाहीत. डुकराची मांडी मीठ चोळून महिनोन्‌महिने वाळवतात. ह्वोशिंग: आग अधिक तारा. हा मंगळ ग्रह, कारण चिनी पंचतत्त्वांच्या मांडणीत मंगळाच्या वाट्याला अग्नी आला. आणि हाच शब्द ‘ठिणगी’ या अर्थानेही रोज वापरला जातो.

क्रियापदांत तर बेरीज साफ कोसळते. ‘ज्यो’ म्हणजे वाचवणे. एखाद्या माणसाला वाचवणे म्हणजे ज्योरन. मग ज्योह्वो म्हणजे आगीला वाचवणे? नाही, आग विझवणे. ‘श’ म्हणजे गमावणे, म्हणून शह्वो म्हणजे आग गमावली, विझली? उलट, चुकून आग लागली. अग्निशमन दलाला फोन करण्याची वेळ आलीच, तर हा घोळ परवडणारा नाही.

आता चित्रांचा मुद्दा. ‘ह्वो’चं अक्षर मुळात ज्वाळांचं चित्र होतं, हे मान्य. पण अशी चित्रं मोजकी. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन या पंडिताने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यातलीही बहुसंख्य अक्षरं चित्रं नाहीत. त्यांचे दोन भाग असतात: एक अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. भाजणे या अर्थाचं ‘खाओ’ हे अक्षर पाहा. डावीकडे आग, उजवीकडे परीक्षेचं ‘खाओ’. चित्रवाद्यांच्या हिशेबाने ही अग्निपरीक्षा झाली! प्रत्यक्षात परीक्षेचा इथे काहीही संबंध नाही. तो भाग फक्त ‘मला खाओ वाचा’ एवढंच सांगतो. पेकिंगच्या प्रसिद्ध भाजलेल्या बदकाच्या नावात, खाओयामध्ये, हेच अक्षर आहे. उच्चार सुचवणारा भाग ओळखायला शिकलेला विद्यार्थी झपाट्याने पुढे जातो, कारण तोच भाग पुढे आणखी अक्षरांत भेटतो. चित्रांच्या गोष्टी रचत बसलेला तिथेच राहतो.

आगीचं आणखी एक रूप म्हणजे अक्षराच्या तळाशी चार ठिपके. ‘गरम’ आणि ‘उकळणे’ या अक्षरांत ते आगीचेच आहेत. पण पारंपरिक, म्हणजे सोपी करण्याआधीच्या, लिपीतल्या मासा आणि घोडा या अक्षरांतही चार ठिपके असतात: माशाची शेपटी आणि घोड्याचे पाय.

म्हणींवर जरा थांबते, कारण दाव्यातला सगळ्यात बेफिकीर भाग तोच आहे. आगीत तेल ओतणे ही म्हण चिनीत जशीच्या तशी आहे, तेव्हा उत्साह समजू शकते. पण ‘ग्वान ह्वो’, म्हणजे आग पाहणे, हे दोन शब्द दोन प्रसिद्ध म्हणींच्या शेवटी येतात. ‘ग आन ग्वान ह्वो’, पलीकडच्या काठावरून आग पाहणे: लोक संकटात असताना लांबून मजा बघणाऱ्याला हे म्हणतात. ‘दुंग र्वो ग्वान ह्वो’, आग पाहावी इतकं लख्ख दिसणे: एखाद्याची समज अगदी अचूक असली की हे म्हणतात. एकात निंदा, दुसऱ्यात स्तुती, आणि पाहिलेली आग तीच. चारही अक्षरं येत असूनही पहिल्यांदा वाचणारा अडखळतो. आपल्याकडे ‘पाणी’ शिकलेल्या परक्या माणसाला पाणी पाजणे, पाणी जोखणे आणि पाण्यात पाहणे आपोआप कळेल का? मग चिनी माणसाच्या भाषेकडून ही अपेक्षा कशासाठी?

काही म्हणी तर गोष्टीशिवाय उघडतच नाहीत. ‘वेशीला आग लागली, खंदकातले मासे मेले’ अशी एक आहे. आग विझवायला खंदकातलं पाणी उपसलं आणि मासे हकनाक मेले, हे माहीत हवं. मग आपल्याला सुक्याबरोबर ओलंही जळतं हे सहज आठवतं. दुसरी म्हण अशी: ‘अधिकाऱ्याने आग लावलेली चालते, रयतेने दिवा लावलेला चालत नाही.’ तिच्यामागची हकिकत लू योउ या सुंग काळातल्या कवीने नोंदवून ठेवली आहे. थ्येन दंग नावाचा एक प्रांताधिकारी होता. आपलं नाव कोणी तोंडात घेतलं तर तो खवळायचा, फटके द्यायचा. आता दिव्यालाही चिनीत ‘दंग’च म्हणतात, म्हणून लोक घाबरून दिव्याला ‘आग’ म्हणू लागले. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला दिव्यांचा सण आला आणि कारकुनांनी चौकात फलक लावला: ‘रिवाजाप्रमाणे या प्रांतात तीन दिवस आग लावली जाईल.’ आज ही म्हण सत्तेवाल्याला एक न्याय आणि सामान्याला दुसरा, अशा वेळी वापरतात. दिव्याच्या पारंपरिक अक्षरात आगीच्या शेजारी जो भाग आहे, तोच त्या अधिकाऱ्याच्या नावाचं अक्षर आहे, आणि तो तिथे बसला आहे निव्वळ उच्चारासाठी. लिपी चित्रांचीच असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

राहिली शंभर अक्षरं. वापराच्या क्रमाने पहिली शंभर अक्षरं छापील मजकुराचा साधारण चाळीस टक्के भाग व्यापतात, हे खरं आहे. पण ती असतात ‘चा-ची-चे’, ‘आहे’, ‘नाही’, ‘मी’, ‘तो’ अशी. बातमी कशाची आहे हे सांगणारे शब्द उरलेल्या साठ टक्क्यांत असतात. चीन सरकारच्या १९८८ च्या नियमांत साक्षर ठरण्यासाठी शेतकऱ्याला १,५०० आणि शहरातल्या माणसाला २,००० अक्षरं येणं आवश्यक धरलं होतं. २०१३ च्या अधिकृत यादीत रोजच्या वापराची पहिल्या स्तरातली अक्षरंच ३,५०० आहेत.

एका अक्षराभोवती शब्द गोळा करणं ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही वर्गात ती वापरते, फक्त क्रम उलटा असतो. विद्यार्थी आधी ह्वोछ वाक्यात ऐकतो, मग तिकिटाच्या संवादात बोलतो. ह्वोथ्वेइ जेवणाच्या धड्यात येतं, ज्योह्वो बातमीत. असे आठदहा शब्द अंगवळणी पडले की वहीचं एक पान ‘ह्वो’ला द्यायचं आणि ते सगळे तिथे वाक्यांसकट उतरवायचे. त्या पानावर ‘शांगह्वो’ हा शब्द आला की मराठी मुलं खूश होतात: लिची जास्त खाल्ली, तोंड आलं, घसा बसला, की चिनी आजी म्हणते शांगह्वो झालं. म्हणजे आपली उष्णता. शब्दश: मात्र तो आहे ‘वर चढणे’ अधिक ‘आग’, आणि त्यावरून तोंड आल्याचं कोणी ओळखलेलं मी अजून पाहिलेलं नाही.