बोट कापलं की लेबर ऑफिस? थांबा जरा

कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: "पगार अडला, बोट कापलं, बॉयलर फुटला, काहीही झालं तरी थेट लेबर ऑफिस गाठा. साहेब दुसऱ्या दिवशी कंपनीला टाळं ठोकतो, भरपाईही तिथेच मिळते." हेतू चांगला आहे, पण यावर विसंबलेल्या माणसाच्या नशिबी नुसते हेलपाटे.

"काहीही झालं तरी लेबर ऑफिस." नाही. ज्याला आपण लेबर ऑफिस म्हणतो ते कामगार आयुक्तांचं. पगार, किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, युनियन-मालक भांडण हे त्यांचं काम. कारखान्यातली यंत्रं, रसायनं आणि अपघात बघतं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, आमच्या तोंडी 'डिश'. दोन्ही राज्याच्या कामगार विभागाखालीच, मुख्यालयंही वांद्र्याच्या एकाच कामगार भवनात, म्हणून लोकांची गल्लत होते. बॉयलरला तिसरं दार: बाष्पके संचालनालय. (बातम्यांत प्रत्येक स्फोट बॉयलरचाच असतो. रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांवर प्रक्रिया करायची टाकी, फुटला असेल तर तो डिशकडे.) पीएफ तर केंद्राचा.

दार चुकलं तर काय बिघडतं? चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमधल्या, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात तिथल्या, माणसाला विचारा. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यावा, अशी सोय असते. टार्गेट गाठायचं म्हणून एका बटणावर चिकटपट्टी लागते आणि मोकळा झालेला हात डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, जातो. बोट तुटलं की सगळ्यात आधी ती पट्टी गायब होते. तुमचा अर्ज एका ऑफिसातून दुसऱ्यात सरकेपर्यंत मशीन चकाचक झालेलं असतं. त्यामुळे फोटो काढा आणि तक्रार सरळ डिशकडेच द्या.

"साहेब टाळं ठोकतो." धोका समोर दिसत असेल तर तेवढं मशीन किंवा तेवढा भाग बंद ठेवायला लावता येतं. अख्ख्या कंपनीला एका दिवसात टाळं, हे सिनेमात.

"भरपाईही तिथेच." पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर अपंगत्वाचे पैसे ईएसआयकडून मिळतात, किती टक्के ते त्यांचं मेडिकल बोर्ड ठरवतं. ईएसआय नसेल तर दावा नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे लावायचा. दोन्हीकडे कंपनीने लिहिलेला अपघात अहवाल बघतात. मलमपट्टी चालू असतानाच सहीसाठी कागद पुढे येतो. त्यात 'घरी लागलं' असं लिहिलेलं नाही ना, ते वाचूनच सही करा.