चाळीस तासांत काय शिकता येते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माध्यमिक शाळेतील मुलांसाठी सुट्टीत भरणाऱ्या प्रोग्रामिंगच्या वर्गांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण तीन आक्षेप घेतले आहेत. चार आठवड्यांत कोणालाही प्रोग्रामिंग येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता मागेल तो कोड लिहून देत असताना हा खटाटोप व्यर्थ आहे. आणि सुट्टी मुलांची असते, पालकांच्या धास्तीची नसते.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. रोज 2 तास, आठवड्यातून 5 दिवस, असे 4 आठवडे धरले तर 40 तास होतात आणि त्यांतले निम्मे ऐकण्यात जातात. ‘महिन्याभरात मूल प्रोग्रामिंग शिकून बाहेर पडते’ हे माझे वाक्य जाहिरातीला शोभणारे होते, लेखाला नव्हे.

मात्र या 40 तासांत काहीच हाती लागत नाही, हा आपला निष्कर्ष मला पटत नाही. 1967 साली फॉयरझाइग, पेपर्ट आणि सॉलोमन या संशोधकांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. पुढे तिच्यात आलेले, आज्ञा दिल्याप्रमाणे चालून पडद्यावर रेघ काढणारे कासव आज पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतही आहे, आणि पहिल्या आठवड्यात मी त्याच्याचकडून आकृत्या काढून घेते. चौकोन सगळ्यांना जमतो : 100 पावले पुढे, 90 अंशांत उजवीकडे, असे चार वेळा. मग समभुज त्रिकोण सांगितला की जवळजवळ प्रत्येक मूल 60 अंश लिहिते, कारण त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा असतो हे त्याला भूमितीने पक्के शिकवलेले असते. पडद्यावर मात्र त्रिकोण न उमटता अर्धा षटकोन उमटतो. मुले आकडे बदलून पाहतात, संगणकावर रागावतात, आणि शेवटी एखादी मुलगी उठून जमिनीवर स्वतः चालून पाहते, तेव्हा तिच्या लक्षात येते की कासव आतला कोन मोजत नाही. ते ज्या दिशेने चालले होते त्या दिशेपासून किती वळायचे ते मोजते, म्हणजे 120 अंश. पाठ्यपुस्तकातला बाह्यकोन तिला त्या दिवशी पहिल्यांदा भेटतो. (गणिताच्या शिक्षकांनी हे मनावर घेऊ नये.)

हे शाळेच्या तासालाही होऊ शकते, असे आपण म्हणाल. पण तिथे आठवड्यातून एखादी तासिका मिळते. अर्धवट राहिलेली चूक पुढच्या वेळी उघडेपर्यंत आपण काय करत होतो हेच मूल विसरलेले असते. सुट्टीत आज अडलेले उद्या सकाळी सुटते, कधी घरी जाताना वाटेतच सुटते. सुट्टीच्या वर्गाच्या बाजूने माझ्याकडे हे एकच सबळ कारण आहे, आणि त्यालाच मी मूळ लेखात एक ओळ दिली, तर अभ्यासक्रमाला तीन परिच्छेद.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. त्रिकोणाचा कोड तिच्याकडे मागितला तर तो क्षणात आणि बहुधा अचूक मिळतो. अडचण नेमकी तीच आहे. ज्या मुलीने 120 स्वतः शोधले, तिला पाच टोकांची चांदणी सांगितली की ती विचार करते : कासव पूर्ण दोनदा फिरते, म्हणजे 720 अंश, पाच वळणांत वाटले की 144. ज्याला उत्तर आयते मिळाले, तो पुन्हा विचारायला जातो. म्हणून पहिले दोन आठवडे ही साधने बंद असावीत असे माझे मत आहे. नंतर ती जरूर वापरावीत, पण त्यांनी लिहिलेला कोड मोडून पाहण्यासाठी : गुणांची सरासरी काढणाऱ्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, रिकामी यादी दिली तर शून्याने भागाकार होतो का, हा प्रश्न विचारता येण्यासाठी. असे धोरण बहुतेक वर्गांत नसते, ही आपली तक्रार रास्त आहे.

सुट्टीबद्दल वाद नाही. ज्या मुलाला यायचेच नाही त्याला पाठवू नये. त्याच्यावरचे 40 तास शिक्षकालाही जड जातात.

चांगला वर्ग ओळखायचा कसा, असे आपण शेवटी विचारले आहे. प्रमाणपत्रावरून तो कळत नाही आणि शेवटच्या दिवशी मुलांनी केलेले म्हणून दाखवल्या जाणाऱ्या संगणकावरच्या देखण्या खेळांवरूनही नाही, कारण शिक्षक पडद्यावर टाइप करतात आणि मुले अक्षरन् अक्षर उतरवून घेतात, असे पुष्कळ ठिकाणी चालते. त्याऐवजी त्याच खेळात चेंडूचा वेग दुप्पट करून दाखव, असे मुलाला तिथल्या तिथे सांगावे. ते चुकले तरी चालेल. पण ते कोडकडे पाहते की शिक्षकांकडे, एवढे पाहावे.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज बदलत आहे.